मिलिमीटरचा हिशेब: हाडातली गाठ, करवत आणि डोळ्यापुढची रेघ

२००८ साली बेल्जियममधल्या लूव्हँ कॅथलिक विद्यापीठातल्या ऑलिव्हिए कार्तिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग छापला. चार अनुभवी सर्जन घेतले, त्यांच्यापुढे प्लॅस्टिकची पेल्व्हिस, म्हणजे कमरेखालची हाडांची कमान ठेवली आणि सांगितले, या गाठीपासून १० मिलिमीटर अंतर राखून हाड कापा. पाच मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी चालेल, एवढी सवलतही दिली. रक्त नाही, स्नायू नाहीत, भूलतज्ज्ञाची घाई नाही, हाड चारी बाजूंनी उघडे. तरीही अपेक्षित अंतर राखले जाण्याची शक्यता निघाली ५२ टक्के. हाताने कापणारा तज्ज्ञ दोनदा करवत चालवतो, तेव्हा एकदाच ती हव्या त्या ठिकाणी जाते, असा याचा अर्थ.

हाडाच्या गाठीच्या शस्त्रक्रियेत नेव्हिगेशन, खास छापलेले जिग, डोळ्यांवर चढवायचे ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचे चष्मे यांची गेली वीस वर्षे जी चर्चा चालली आहे, तिच्या मुळाशी हा आकडा आहे.  पण तो प्रयोग पेल्व्हिसवरचा होता, हे विसरता कामा नये.

मांडीच्या हाडाचे खालचे टोक किंवा नडगीचे वरचे टोक ही ऑस्टिओसार्कोमाची, म्हणजे वाढत्या वयातल्या मुलांना होणाऱ्या हाडाच्या कर्करोगाची नेहमीची जागा. तिथे प्रश्न तुलनेने सोपा असतो. हाड नळीसारखे, सरळ. एमआरआयवर सांध्यापासून गाठीच्या टोकापर्यंतचे अंतर मोजायचे, त्यात सुरक्षित अंतर मिळवायचे, ऑपरेशनच्या वेळी निर्जंतुक पट्टी लावून तेवढ्यावर खूण करायची आणि आडवा छेद घ्यायचा. सी-आर्मचा, म्हणजे ओटीतल्या फिरत्या एक्स-रे यंत्राचा, एक फोटो काढला की खात्री पटते. अशा केसमध्ये लाखो रुपयांचे यंत्र आणून फारसे काही साधत नाही.

पेल्व्हिस आणि त्रिकास्थी, म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाचे हाड, इथे मात्र सगळे फिरते. हाड वळलेले, पिळलेले, कुठे तळहाताएवढे जाड तर कुठे कागदासारखे पातळ. आत मूत्राशय, गुदाशय, मोठ्या रक्तवाहिन्या, पायाकडे जाणारी सायाटिक नस. पेशंट कुशीवर झोपवलेला, जखमेतून हाडाची जेमतेम एक कड दिसते आणि तिथून करवत आत कोणत्या कोनात जाते आहे, ते मनाने ताडायचे. छेदाची सुरुवात बरोबर असते, पण शेवट दुसरीकडे निघतो. त्रिकास्थीतल्या कॉर्डोमाचे, म्हणजे कण्याच्या हाडात होणाऱ्या एका कर्करोगाचे, उदाहरण घ्या. इथल्या नसांची मुळे किती वाचली यावर लघवी-शौचावरचा ताबा राहणार की जाणार हे ठरते. छेद एक पायरी वर गेला तर माणूस आयुष्यभर कॅथेटरवर राहू शकतो, आणि एक पायरी खाली राहिला तर गाठीचा तुकडा आत राहतो.

आता अंतराला इतके महत्त्व का, ते पाहू. १९७० च्या आधी ऑस्टिओसार्कोमा म्हटला की पाय वरून कापून टाकणे हाच उपाय होता, आणि तरीही पाचातला फार तर एक पेशंट वाचायचा, कारण निदान होईपर्यंत कर्करोगाच्या पेशी फुप्फुसांत पोचलेल्या असत. कॅनडाचा टेरी फॉक्स अठरा वर्षांचा असताना, १९७७ मध्ये, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला. १९८० मध्ये कृत्रिम पायावर तो देश धावत ओलांडायला निघाला, पण फुप्फुसात आजार पसरला आणि १९८१ मध्ये तो गेला. १९७० च्या दशकापासून मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन अशा औषधांनी चित्र पालटले. आजार पसरलेला नसेल तर आता साठ-सत्तर टक्के पेशंट वाचतात, आणि बहुसंख्यांचा पायही वाचतो.

पाय वाचवायचा म्हणजे गाठ काढून हाड ठेवायचे, म्हणजे कुठे तरी रेघ मारायची. फ्लोरिडा विद्यापीठातले विल्यम एनेकिंग यांनी १९८० मध्ये या रेघेला शिस्त लावली. छेद गाठीतूनच गेला, गाठीच्या काठावरून गेला, निरोगी हाडाचे कडे राखून गेला की सगळा कप्पाच काढला, असे त्यांचे चार प्रकार आजही ऑपरेशनच्या नोंदीत लिहिले जातात. छेद गाठीतून गेला तर आजार तिथेच परत येण्याचा धोका कितीतरी वाढतो. कॉन्ड्रोसार्कोमासारख्या, म्हणजे कूर्चेच्या कर्करोगाच्या, गाठींवर केमोचा आणि रेडिएशनचा फारसा उपयोग होत नाही. तिथे सर्जनच्या रेघेवरच सगळा भार.

इथे हाडाची एक अडचण आहे, आणि माझ्या मते हीच या सगळ्या तंत्रज्ञानाची खरी गरज. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगात सर्जन कापलेला भाग लगेच पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतो, तो गोठवून पातळ काप करतो आणि अर्ध्या तासात निरोप येतो की कड मोकळी आहे, किंवा अजून घ्या. हाडाचे असे काप करता येत नाहीत. कठीण हाड आधी आम्लात बुडवून मऊ करावे लागते, त्याला दिवस लागतात. मज्जेचा थोडा नमुना गोठवून पाहता येतो, पण बाहेरच्या कवचाचा निकाल पेशंट वॉर्डात परतून, टाके सुकत आल्यावर मिळतो. तोवर तिथे धातूचा सांधा बसलेला असतो. म्हणजे हाडाचा सर्जन कापताना आंधळा असतो आणि कापल्यानंतरही काही दिवस आंधळाच राहतो. छेद घेण्याआधी आणि घेताना त्याला दिसेल असे काही तरी हवे, ही मागणी चैनीची नाही.

नेव्हिगेशन हे त्याला मिळालेले पहिले साधन. मूळ मेंदूच्या आणि मणक्याच्या शस्त्रक्रियेतले. हाडांच्या गाठींसाठी ते वापरल्याचे पहिले वृत्तान्त २००४ च्या सुमारास जर्मनीतल्या हॅनोव्हरहून आले. हाँगकाँगच्या चायनीज विद्यापीठातल्या वाँग आणि कुमटा यांनी त्याला आणखी एक जोड दिली. हाडाचा आकार सीटीवर चांगला दिसतो, गाठीची हद्द एमआरआयवर. दोन्ही प्रतिमा कॉम्प्युटरवर एकमेकींवर बसवून त्यांनी एकाच चित्रात हाड आणि गाठ दोन्ही आणली. आज नेव्हिगेशन वापरणाऱ्या अनेक केंद्रांत ही पद्धत रूढ आहे.

ओटीत हे कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. पेशंटच्या हाडात दोन पिना ठोकून त्यांवर परावर्तक गोळ्यांची एक लहान चौकट बसवतात. टेबलापासून दीड-दोन मीटरवर अवरक्त प्रकाशाचा कॅमेरा उभा असतो. मग सर्जन टोकदार पॉइंटरने उघड्या हाडावर ठरलेल्या खुणांना स्पर्श करतो, मग पृष्ठभागावर पन्नासेक ठिकाणी. कॉम्प्युटर हे बिंदू सीटीतल्या हाडाशी जुळवतो. याला रजिस्ट्रेशन म्हणतात. ते जमले की पॉइंटर किंवा करवत जिथे टेकेल तिथे पडद्यावरच्या चित्रात ठिपका हलतो आणि आधी आखलेली रेघ किती दूर आहे ते कळते. सहायकाचा दंड कॅमेऱ्यासमोर आला की ठिपका गोठतो. पिनेला कोपर लागून ती जराशी हलली तर पडद्यावर काहीच बिघडलेले दिसत नाही, फक्त चित्र आणि हाड एकमेकांपासून सरकलेले असतात. म्हणून सावध सर्जन दर थोड्या वेळाने पॉइंटर एखाद्या ओळखीच्या खुणेवर टेकवून खात्री करून घेतात.

रजिस्ट्रेशन झाले की यंत्र एक चूक-आकडा दाखवते, समजा ०.७ मिलिमीटर. हा आकडा पाहून समाधान मानण्याचा मोह होतो. पण व्हँडरबिल्ट विद्यापीठातले मायकेल फिट्झपॅट्रिक यांनी २००९ मध्ये गणिताने दाखवून दिले की खुणांवरची ही चूक आणि प्रत्यक्ष गाठीजवळची चूक यांचा परस्परांशी संबंध नाही. आकडा सुंदर असूनही छेदाच्या जागी तीन मिलिमीटरचा घोळ असू शकतो. ही गोष्ट शिकाऊ डॉक्टरांना जितक्या जोराने सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही.

तरीही पेल्व्हिसमध्ये नेव्हिगेशनने फरक पडला, याला चांगला आधार आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या रॉयल ऑर्थोपेडिक हॉस्पिटलमधले ली जेज आणि सहकारी यांनी २०१३ मध्ये पेल्व्हिस आणि त्रिकास्थीच्या गाठींचे निष्कर्ष दिले. त्यांच्याच रुग्णालयात पूर्वी २९ टक्के केसमध्ये छेद गाठीतून जायचा, नेव्हिगेशन आल्यावर ते प्रमाण ८.७ टक्क्यांवर आले. पेशंट ३१, पाठपुरावा सरासरी जेमतेम वर्षाचा, आणि तुलना जुन्या काळातल्या केसशी. म्हणजे सर्जन अधिक अनुभवी झाले, एमआरआय सुधारला, याचाही वाटा असणार. पण एवढी मोठी घसरण केवळ त्याने होत नाही.

नेव्हिगेशनची खटकणारी बाब अशी की चित्र एकीकडे आणि हाड दुसरीकडे. करवत जखमेत, नजर पडद्यावर. त्यातूनच ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीची कल्पना पुढे आली: चित्र सरळ हाडावरच का दाखवू नये? सर्जन जखमेकडे बघेल आणि त्यालाच गाठ लाल रंगात, छेदाची पातळी हिरव्या रंगात तरंगताना दिसेल. सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या चो आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये डुकरांच्या १२३ मांडीच्या हाडांत सिमेंटची खोटी गाठ भरून हे तपासले. महागडा चष्माही नव्हता, साधा टॅबलेट होता. टॅबलेटच्या मदतीने घेतलेल्या छेदांत सरासरी चूक १.७१ मिलिमीटर, नेहमीच्या पद्धतीत २.६४. सरासरीतला फरक बेताचा वाटेल. पण सर्वांत वाईट छेद पाहिले तर एकीकडे ६ मिलिमीटर, दुसरीकडे ११. तीन मिलिमीटरच्या सवलतीत अंतर राखले जाण्याची शक्यता ९०.२ टक्के विरुद्ध ७०.७. पेशंटला सरासरीशी काय देणेघेणे? त्याच्या वाट्याला एकच छेद येतो, आणि तो सर्वांत वाईट नसावा एवढीच त्याची इच्छा असते. म्हणून मला या अभ्यासातला कमाल चुकीचा आकडा सरासरीपेक्षा जास्त बोलका वाटतो.

प्रत्यक्ष माणसांवर ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी आधी मणक्यात आली. मणक्यात स्क्रू बसवण्यासाठीच्या अशा एका हेडसेटला अमेरिकेच्या एफडीएने २०१९ च्या अखेरीस मान्यता दिली. २०२० च्या जूनमध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तो पहिल्यांदा वापरला गेला, आणि तिथल्या दुसऱ्याच केसमध्ये मणक्यातला कॉर्डोमा काढण्यात आला. हाडांच्या गाठींत मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या चष्म्यावर बरेच प्रयोग झाले, पण बहुतेक प्लॅस्टिकवर, शवांवर किंवा मोजक्या पेशंटांवर.

चष्म्याच्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या पुढच्या मॉडेलमध्ये आपोआप जाणाऱ्या नाहीत. होलोलेन्सची प्रतिमा साधारण दोन मीटरवर केंद्रित केलेली असते, सर्जनचे हात अर्ध्या मीटरवर. डोळा एका वेळी दोन्हीकडे स्पष्ट पाहू शकत नाही, एक तर रेघ धूसर दिसते किंवा हाड धूसर दिसते. इटलीतल्या पिसा विद्यापीठाच्या गटाने याची मोजमापे घेऊन सांगितले की अशा चष्म्यांवर विसंबून हाताजवळचे बारीक काम करू नये. शिवाय ओटीतले दिवे इतके प्रखर की तरंगते चित्र फिके पडते. कुठे चित्र हाडाच्या आत आहे की वर तरंगते आहे हेच समजत नाही, खोलीचा अंदाज चुकतो. त्यात २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ चे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. ज्या रुग्णालयांनी त्याभोवती सॉफ्टवेअर उभारले, त्यांच्या हातात आता उत्पादन थांबलेले यंत्र. सर्वसाधारण वापरासाठी बनवलेल्या उपकरणावर शस्त्रक्रियेची इमारत उभी करण्यातली ही जोखीम आधी फारशी हिशेबात धरली गेली नव्हती.

लक्षाचाही प्रश्न आहे. टोरांटोमधल्या डिक्सन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नाकावाटे दुर्बिणीने करायच्या शस्त्रक्रियेवर प्रयोग केला. ज्यांच्या पडद्यावर खुणा रंगवून दाखवल्या होत्या, त्यांचे निशाण अधिक अचूक लागले. पण दृश्यात मुद्दाम ठेवलेली परकी वस्तू त्यांच्यातल्या बहुतेकांना दिसलीच नाही, साधे दृश्य पाहणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी मात्र ती टिपली. रंगीत रेघ नजर खेचून घेते. पेल्व्हिसमध्ये रेघेवर खिळलेल्या नजरेतून रक्तस्राव निसटला तर काय होईल, ते सांगायला नको.

आणि करवत? सगळे मार्गदर्शन शेवटी तिच्या पात्याशी येऊन थांबते. कंप पावणारे पाते तिरक्या कडेवर घसरते, जाड हाडात वाकते आणि स्वतःच्या जाडीएवढे हाड भुकटी करून टाकते. सुतार लाकूड कापताना पात्याची जाडी हिशेबात धरतो, पण शस्त्रक्रियेच्या योजनेच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये छेद म्हणजे जाडी नसलेली पातळी असते. डोळ्यापुढची रेघ कितीही बरोबर असो, हात आणि पाते तिच्यावर राहतील याची हमी कुणी देत नाही.

म्हणून मला तिसरे साधन, पेशंटच्या मापाचे जिग, जरा जास्त आशादायक वाटते, जरी त्यात डोळ्यांना दिपवणारे काही नसले तरी. पेशंटच्या सीटीवरून हाडाच्या पृष्ठभागाशी तंतोतंत बसेल असा प्लॅस्टिकचा साचा थ्री-डी प्रिंटरवर छापतात, त्यात छेदाच्या जागी खाचा असतात. साचा हाडावर घट्ट बसवायचा, पिनांनी रोवायचा आणि पाते खाचेत घालायचे. कॅमेरा नाही, पडदा नाही. पाते कुठे जाणार हे खाच ठरवते, आणि ती घसरू देत नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या आणि हाँगकाँगच्या सर्जनांनी मिळून शवांवर मोकळा हात, नेव्हिगेशन आणि जिग या तीन पद्धतींची तुलना केली, तेव्हा जिग आणि नेव्हिगेशन दोन्ही मोकळ्या हातापेक्षा सरस ठरले आणि जिगला वेळ कमी लागला. मर्यादा आहेतच. साचा बसायला हाड बरेच उघडे करावे लागते. गाठ हाडाबाहेर मांसात वाढली असेल तर साचा बसण्याची जागाच उरत नाही. छापून, निर्जंतुक करून येईपर्यंत काही आठवडे जातात, त्या काळात गाठ वाढली तर खाच चुकीच्या जागी. आणि साचा चुकीचा बसला तर त्याची चूक अतिशय सफाईने हाडात उतरते.

या सगळ्या साधनांच्या आधीचा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो: रेघ बरोबर पाळली, पण ती बरोबर ठिकाणी होती का? गाठीची हद्द एमआरआय ठरवतो, आणि त्या हद्दीभोवती सूज असते. सूज किती आणि गाठ किती हे दोन रेडिऑलॉजिस्ट दोन प्रकारे सांगू शकतात. केमोने गाठीच्या पेशी मरतात, पण सांगाडा तसाच दिसतो, मग केमोच्या आधीची हद्द धरायची की नंतरची? बर्मिंगहॅमच्याच गटाने पुढे असे मांडले की ऑस्टिओसार्कोमात मार्जिन, म्हणजे राखलेले अंतर, किमान २ मिलिमीटर आहे का आणि केमोने ९० टक्क्यांहून अधिक गाठ मारली का, या दोन गोष्टी एकत्र पाहूनच आजार परतण्याची शक्यता नीट सांगता येते. म्हणजे दोन मिलिमीटरवर बरेच काही ठरते, आणि प्रतिमेतली हद्द आखण्यातला मतभेद त्याहून मोठा असू शकतो. नेव्हिगेशन ही रेघ अचूक पाळायला मदत करते, ती आखण्याची जबाबदारी माणसांचीच राहते. हद्द आखण्यासाठी आता कृत्रिम बुद्धिमत्तेची सॉफ्टवेअर येत आहेत, पण ती शिकतात माणसांनी आखलेल्या हद्दींवरूनच.

मुंबईत या विषयाची मुळे बरीच खोल आहेत. १९४१ मध्ये परळला सुरू झालेल्या टाटा मेमोरिअल रुग्णालयातला हाडांच्या कर्करोगाचा विभाग हा देशातल्या सर्वांत अनुभवी विभागांपैकी एक. पवईच्या आयआयटीतले बी. रवी आणि के. सुब्बुराज यांनी सर्जन मनीष अग्रवाल यांच्यासोबत २००९ मध्ये सीटीवरून हाडाच्या खुणा कॉम्प्युटरने आपोआप ओळखण्याची पद्धत मांडली होती, म्हणजे शस्त्रक्रियेचे नियोजन पडद्यावर नेण्याचे काम इथेही वेळेवर सुरू झाले. टाटामध्ये आणखी एक पद्धत वापरली गेली आहे: गाठ असलेला हाडाचा तुकडा काढायचा, त्यावरची गाठ साफ करायची, शरीराबाहेर त्याला ५० ग्रे इतके रेडिएशन द्यायचे आणि तोच तुकडा परत जागी बसवायचा. लाखो रुपयांचे इम्प्लांट वाचते आणि हाड पेशंटच्या मापाचे असतेच. इथे छेद सरळ आणि स्वच्छ असला तर दोन टोके एकमेकांवर चपखल बसतात आणि लवकर जुळतात. अचूक छेदाचा फायदा कर्करोगापुरता नाही, हे या पद्धतीत उघड दिसते. मुलांमध्ये तर गुडघ्याचा मूळ सांधा वाचेल की धातूचा बसवावा लागेल, हे कधी कधी वाढीच्या चकतीजवळच्या काही मिलिमीटरवर ठरते.

पण आपल्याकडे बहुतेक पेशंट तज्ज्ञापर्यंत कसे पोचतात? गुडघ्यावरची सूज म्हणजे मार लागला असेल, मग मालिश, मग हाडवैदाचे पट्टे, मग जवळच्या नर्सिंग होममध्ये बायोप्सी, तीही चुकीच्या बाजूने. अमेरिकेतल्या हेन्री मॅन्किन यांनी १९८२ मध्ये ३२९ पेशंटांचा आढावा घेतला, तेव्हा बायोप्सीत १८.२ टक्के ठिकाणी निदानाची मोठी चूक निघाली आणि ४.५ टक्के पेशंटांचा अवयव निव्वळ बायोप्सीतल्या गोंधळामुळे कापावा लागला. तीही अमेरिका. बायोप्सीची वाट गाठीच्या पेशींनी मळते, ती सगळी नंतर कापून काढावी लागते. ती आडवी गेली असेल तर चष्म्यातली हिरवी रेघ काय करणार?

खर्चाच्या हिशेबातही जिग पुढे राहतो. नेव्हिगेशनचे यंत्र, त्याची देखभाल आणि ते चालवणारा माणूस हे फक्त मोठ्या रुग्णालयाला परवडते, तेही मणक्याच्या आणि सांधेबदलाच्या केसबरोबर वाटून घेतले तर. जिगला प्रिंटर, सॉफ्टवेअर जाणणारा अभियंता आणि सर्जनसोबत बसून आखण्याचा एक तास लागतो. हे काम एका ठिकाणी करून साचा दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येतो.

आजवरचा पुरावा एका जागी ठेवला तर चित्र असे दिसते. पेल्व्हिस आणि त्रिकास्थीच्या गाठींत, आणि सांधा वाचवण्यासाठी वाकडातिकडा छेद घ्यायचा असेल तिथे, नेव्हिगेशन किंवा जिग वापरावे. ते उपलब्ध नसेल तर पेशंट ते असलेल्या ठिकाणी पाठवावा. सरळ हाडातल्या सरळ छेदाला पट्टी आणि सी-आर्म पुरेसे आहेत. चष्मे अजून प्रयोगशाळेच्या दारात उभे आहेत, आणि त्यांच्यावरचे बहुतेक निबंध मिलिमीटर मोजतात, पेशंट मोजत नाहीत. आजार परत आला का, माणूस पाच वर्षांनी चालतो का, याची मोजणी करायला मोठा तुलनात्मक अभ्यास हवा. पण ऑस्टिओसार्कोमा दहा लाखांत वर्षाला तीन ते पाच जणांना होतो, आणि पेल्व्हिसमधला त्याहून कितीतरी कमी. एका रुग्णालयाला पुरेसे पेशंट जमवायला वीस वर्षे लागतील, तोवर यंत्रे चारदा बदलतील. वाट एकच आहे: अनेक केंद्रांनी प्रत्येक केसची योजना, ऑपरेशननंतरचा सीटी आणि पॅथॉलॉजिस्टचा अंतिम अहवाल एका समाईक नोंदवहीत घालायचा, चुकलेल्या छेदांसकट.